पंचवीस ऑगस्टचं तिकीट

मोन्तेविदेओत, बंदराच्या पाठीशी,
एकोणतीस वर्षं मी तारखेची तिकिटं विकली.
हसू नका.
आमच्या लाइनवर त्या नावाचं गावच आहे:
सांता लुसिया सोडलं, नदी ओलांडली,
की पंचवीस ऑगस्ट.
लोक खिडकीत वाकून म्हणायचे,
“दोन पंचवीस ऑगस्ट, एक परतीचं.”
मी द्यायचे. जूनमध्येसुद्धा.
पुठ्ठ्याचं, बोटाएवढं,
खट्‌कन शिक्का मारून.

इल्दाबाई दर गुरुवारी यायच्या,
टोपीच्या खोक्यात बदकाची पिल्लं घेऊन,
आणि दर गुरुवारी विचारायच्या,
ह्यांचं अर्धं पडेल का?

खिडकीची पितळी कड
मधोमध झिजली होती, खोलगट.
लोक सरकारदरबारी उंबरठे झिजवतात.
इथे नुसती कोपरं टेकली,
तीही घाईत.

मग वरून ठरलं.
स्टेशन मेलं असं कुणी म्हणालं नाही,
तेवढं नीट ऐका.
स्टेशन फक्त पाचशे मीटर मागे नेलं.
रूळ अलीकडेच तोडले,
पत्र्याची शेड, निळ्या खुर्च्या,
भिंतीवर नवं घड्याळ, बॅटरीचं.
पाचशे मीटर म्हणजे काय हो?
पहिल्या दिवशी सगळे चालत गेले, सामानासकट.
दुसऱ्या दिवशीही गेले.
मग कुणी बसनं जाऊ लागलं,
कुणी जायचंच सोडलं,
आणि इल्दाबाईंचं काय झालं
ते मला कुणी सांगितलं नाही.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
आमचे वासे जागचे हलले नाहीत.
लोखंडी, रिव्हेट मारलेले, तसेच उभे.
काच तेवढी उतरली,
जुलैच्या वाऱ्यात एकेक,
रात्रीची, कुणी नसताना.
दारावरचे चार दगडी शास्त्रज्ञ
अजून शहराकडे तोंड करून उभे आहेत,
एकाच्या खांद्यावर रानअंजीर.
जागा कुणाची, हे कोर्टात आहे.
कबुतरांना नोटीस मिळालेली नाही.

रविवारी मी जाते. काखेत थर्मास, हातात मातेचा भोपळा.
ग्वालबेर्तो साखळी काढतो.
तो पहारेकरी, त्याची ही तिसरी कुत्री,
नाव मात्र पहिलीचंच.
एकाच नळीनं आळीपाळीनं पितो आम्ही
आणि तो आठवड्याची चोरी सांगतो:
तांब्याची तार. जिन्याचा कठडा.
थंडीत पोरांनी स्लीपर उपटून नेले,
केब्राचोचं लाकूड, निखारा रात्रभर टिकतो.
“मांसाला जरा वंगणाचा वास येतो,” म्हणाला.
म्हणजे ह्यानंही खाल्लंय.

ह्या रविवारी कुत्री आत पळाली,
मी तिच्यामागे,
हॉलमधून, काचा करकरत,
आणि अचानक माझ्याच खिडकीसमोर आले.
बाहेरच्या बाजूनं.

एकोणतीस वर्षांत मी इथे कधी उभी राहिले नव्हते.
आमचं दार वेगळं होतं, मागचं.

खिडकी बुटकी आहे.
वाकावंच लागतं, कुणालाही.
आम्हाला आतून वाटायचं
लोक किती अदबीनं बोलतात.

कोपरं टेकवली. बरोबर बसली,
माझ्यासाठीच कोरल्यासारखी.
आत माझं स्टूल,
त्यावर पाणी साचलेलं,
शिक्क्याचं यंत्र कुणीतरी नेलेलं,
चार स्क्रूंची भोकं.

काय मागावं सुचेना.
मागे कुणी रांगेत नव्हतं
तरी मी खोळंबा केल्यासारखी
घाईनं बाजूला झाले.

ग्वालबेर्तोनं हाक मारली, पाणी निवतंय म्हणून.
पलीकडून, पत्र्याच्या शेडमधून,
पाच चाळीसची सुटल्याचा आवाज आला.
त्यात कितीजण होते, मी विचारलं नाही.

घरी आल्यावर दिसलं,
स्वेटरच्या दोन्ही बाह्यांना
हिरवट काळं लागलंय.
साबणानं गेलं नाही.
लिंबू लावून पाहीन उद्या.